परभणीतून युद्धाच्या कायद्यात करिअर होतं का? जरा सविस्तर सांगतो

परभणीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय. पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. गाझा आणि युक्रेनच्या बातम्या बघता बघता तिला इंटरनॅशनल लॉची, त्यातही युद्धाच्या कायद्याची ओढ लागली, मग थिओडोर मेरॉन या न्यायाधीशांबद्दल वाचलं आणि वाटलं आपणही असं काही करावं. पण घरी वडील म्हणतात, "हे शिकून काय करायलीस, जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची तयारी कर, नाहीतर संभाजीनगरला खंडपीठात एखाद्या चांगल्या वकिलाकडे ज्युनिअर म्हणून लाग." तर प्रश्न असा की यात खरंच करिअर होतं का, आणि मेरॉनसारखा माणूस आयुष्यभर नेमकं काय करतो. मी हा विषय बरीच वर्षं मराठवाड्यातच शिकवतोय, मधे काही काळ दिल्लीत याच विषयावर काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थेट सांगायचं तर होतं करिअर. पण हळू होतं, आणि पहिली आठ-दहा वर्षं फक्त याच्यावर घर चालेल असं धरून चालू नको, सोबत शिकवणं किंवा वकिली किंवा सरकारी नोकरी असा दुसरा आधार लागतोच. आणि एक गोष्ट मला पैशापेक्षाही जास्त महत्त्वाची वाटते. या विषयात टिकतो तो माणूस जो समोरच्याला लावलेलं कलम स्वतःच्या देशालाही, स्वतःच्या लोकांनाही तसंच लावू शकतो. हुशारी, इंग्रजी, परदेशातली डिग्री हे सगळं त्याच्या मागून येतं. मेरॉनबद्दल वाचताना तुला जे भावलं तेही बहुतेक हेच असणार.

आधी एक गोंधळ मिटवू, कारण पेपरातसुद्धा सरमिसळ होते. हेगमधे दोन वेगळी कोर्टं आहेत. आयसीजेत, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात, देश विरुद्ध देश असा वाद चालतो, कुलभूषण जाधवांची केस तिथली, १७ जुलै २०१९ ला १५ विरुद्ध १ असा निकाल लागला, आणि तो मुद्दा युद्धाचा नव्हताच, अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या वकिलातीशी बोलू द्यायचं की नाही हा व्हिएन्ना कराराचा मुद्दा होता. आयसीसी हे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, तिथे माणसावर खटला चालतो, मार्च २०२३ मधे पुतिनविरुद्ध आणि नोव्हेंबर २०२४ मधे नेतान्याहूंविरुद्ध वॉरंट निघालं ते इथून. भारत आयसीसीचा सदस्य नाही. आणि कायद्याचेही दोन भाग आहेत, युद्ध सुरू करणं बरोबर की चूक हा एक, त्यासाठी यूएनचा चार्टर, आणि युद्ध चालू झाल्यावर कुणाला मारता येतं, कुणाला नाही, कैद्याला कसं वागवायचं, हॉस्पिटलचं काय, हा दुसरा, त्यासाठी १९४९ ची चार जिनिव्हा कन्व्हेन्शन्स, म्हणजे करार. या दुसऱ्या भागात "युद्ध कुणी सुरू केलं" हा प्रश्न विचारतच नाहीत. ज्याच्यावर हल्ला झाला त्यालाही तेच नियम आणि ज्याने हल्ला केला त्यालाही तेच. हे मनाला पटायला वेळ लागतो, आणि ज्यांना ते कधीच पटत नाही ते लोक या विषयातून दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात असं मी बघितलंय.

आता रोजचं काम कसं असतं ते सांगतो. एखाद्या शहरावर तोफगोळे पडले, टीव्हीवर लगेच वॉर क्राइम म्हणून ओरडा सुरू होतो, पण या विषयातला माणूस तेव्हा गप्प बसून वेगळेच प्रश्न विचारत असतो. गोळा नेमका कुठे पडला, जवळ लष्करी ठिकाण होतं का, कोणतं शस्त्र वापरलं, त्या शस्त्राची अचूकता किती, किती वाजता मारा केला, हुकूम देणाऱ्याला त्या क्षणी काय माहीत होतं. मी वर्गात लातूरच्या गंजगोलाईचा नकाशा फळ्यावर काढतो, सोळा रस्ते येऊन मिळतात ती जागा, लेकरांना पाठ असते. मग सांगतो की समजा गोलाईजवळच्या एका इमारतीत शत्रूचं मुख्यालय आहे, तिच्याभोवती दोनशे मीटरचं वर्तुळ काढा आणि त्यात काय काय येतं ते लिहा. भुसार दुकानं, कापड दुकानं, वरच्या मजल्यावरची राहती घरं, मंदिर, हातगाडे, सगळं येतं. मग विचारतो, सकाळी अकराला मारा केला तर काय आणि पहाटे तीनला केला तर काय, एक गोळा वर्तुळाच्या बाहेर तीनशे मीटरवर पडला तर तो मुद्दाम नागरिकांवर मारला असं म्हणता येईल का. पहिल्या पाच मिनिटांत सगळे हो म्हणतात, अर्ध्या तासाने कुणीच खात्रीने बोलत नाही, आणि तिथून खरा अभ्यास सुरू होतो.

हे दोनशे मीटर मी मनाने घेतलेले नाहीत. ऑगस्ट १९९५ मधे क्रोएशियाच्या सैन्याने क्निन नावाच्या गावावर तोफा डागल्या, त्याबद्दल जनरल आन्ते गोतोविना यांच्यावर युगोस्लाव्हियासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला चालला. खालच्या कोर्टाने असं धरलं की लष्करी लक्ष्यापासून दोनशे मीटरच्या आत पडलेला गोळा त्या लक्ष्यासाठी होता असं मानता येईल, त्याच्या पलीकडे पडलेले गोळे नागरी भागावर मारल्याचा पुरावा समजायचे, आणि एप्रिल २०११ मधे चोवीस वर्षांची शिक्षा दिली. नोव्हेंबर २०१२ मधे अपिलात पाचही न्यायाधीशांनी सांगितलं की हा दोनशेचा आकडा कुठून आणला याचा आधारच निकालपत्रात नाही. पण पुढे त्यांचं पटलं नाही, तिघांनी निर्दोष सोडलं, दोघांनी कडक भाषेत विरोध नोंदवला. त्या पीठाचे अध्यक्ष थिओडोर मेरॉन होते आणि ते बहुमतात होते. त्या निकालावर प्रचंड टीका झाली, अजूनही होते. मला स्वतःला अल्पमतातल्या दोघांचं म्हणणं जास्त पटतं, माप चुकलं म्हणून बाकीचा पुरावा नव्या मापाने परत तोलायला हवा होता, तो सरसकट बाजूला पडला. पण दोन्ही बाजू वाच, मग ठरव. न्यायाधिकरणाच्या वेबसाईटवर सगळं फुकट आहे.

मेरॉनचं आयुष्य मात्र मला फार मोठं वाटतं, आणि त्याचं कारण हा निकाल नाही. १९३० साली पोलंडमधल्या कालिश गावात ज्यू घरात जन्म, पोरवयाची वर्षं नाझींच्या घेट्टोत आणि लेबर कॅम्पमधे गेली, शाळा नाही, घरातली बहुतेक माणसं गेली. युद्ध संपल्यावर पॅलेस्टाईनला आले, जेरुसलेमला लॉ केलं, मग हार्वर्ड, केंब्रिज, आणि मग इस्रायलच्या परराष्ट्र खात्यात नोकरी. १९६७ चं सहा दिवसांचं युद्ध इस्रायलने जिंकलं, वेस्ट बँक ताब्यात आली, आणि सप्टेंबरमधे सरकारने आपल्या या लीगल अॅडव्हायझरला विचारलं की तिथे आपल्या नागरिकांच्या वसाहती बसवता येतील का. मेरॉननी गोपनीय मेमोत लिहून दिलं की येणार नाहीत, चौथ्या जिनिव्हा कन्व्हेन्शनचा भंग होतो. कलम ४९ चा शेवटचा परिच्छेद अगदी स्पष्ट आहे, ताबा घेणाऱ्या देशाने आपली नागरी लोकसंख्या ताब्यातल्या भागात हलवायची नाही. जरा विचार कर, ज्या माणसाचं बालपण छळछावणीत गेलं, ज्याच्या देशाने नुकतंच युद्ध जिंकलंय, सगळा देश जल्लोषात आहे, आणि तो टेबलाशी बसून आपल्याच पंतप्रधानांच्या कार्यालयाला लिहितो की कायदा आपल्या बाजूने नाही. सरकारने ऐकलं नाही, वसाहती झाल्या, तो मेमो कित्येक वर्षांनी बाहेर आला.

त्यानंतर ते १९७७ पासून न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत शिकवायला लागले, आणि एक मोठा मुद्दा त्यांनी लेख लिहून लिहून पुढे रेटला की देशांतर्गत संघर्षात केलेले अत्याचार हेही आंतरराष्ट्रीय गुन्हे आहेत. तोपर्यंत समज अशी होती की गंभीर उल्लंघन म्हणजे फक्त दोन देशांच्या युद्धातलं, घरातल्या भांडणात बाहेरच्या कायद्याने फार तर चार शब्द सुनवायचे. १९९५ मधे तादिच केसमधे त्याच युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या अपील कोर्टाने, तेव्हा अध्यक्ष इटलीचे प्राध्यापक अंतोनिओ कासेसे, हेच तत्त्व मान्य केलं, आणि संघर्ष कधी सुरू झाला म्हणायचं याची जी कसोटी त्यात दिली, सरकार आणि संघटित सशस्त्र गट यांच्यात किंवा अशा गटांमधे दीर्घकाळ चाललेली सशस्त्र हिंसा, ती आजही प्रत्येक रिपोर्टात वापरतात. म्हणजे बघ, प्रोफेसरने जर्नलमधे लिहिलेलं एका खटल्यात कायदा बनलं. मेरॉन २००१ मधे स्वतः त्या कोर्टात न्यायाधीश झाले, पुढे अध्यक्ष. आणि २०२४ मधे, वय ९४, आयसीसीच्या प्रॉसिक्युटरने गाझाच्या वॉरंटसाठी जे तज्ज्ञांचं पॅनेल नेमलं त्यात ते होते, त्या पॅनेलने हमासचे नेते आणि इस्रायलचे नेते दोघांविरुद्धचा आधार तपासला आणि दोन्हीकडे पुरेसा आहे असं लिहिलं. त्याच पॅनेलमधे एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट होत्या, ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या डेप्युटी लीगल अॅडव्हायझर, ज्यांनी मार्च २००३ मधे इराकवरचा हल्ला बेकायदेशीर आहे म्हणून राजीनामा दिला होता. ही माणसं पदामुळे मोठी झाली नाहीत, योग्य वेळी आपल्याच लोकांना नाही म्हणाली म्हणून पुढे त्यांच्या शब्दाला वजन आलं.

आता हे आपल्यावर लावून बघू, नाहीतर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगणं सोपं आहे. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन पाकिस्तानच्या हद्दीत पकडले गेले, त्यांचे डोळे बांधलेले, चेहऱ्यावर रक्त असलेले व्हिडिओ फिरले, आणि आपल्या सरकारने लगेच जिनिव्हा कन्व्हेन्शनचा आधार घेऊन निषेध केला, जो शंभर टक्के बरोबर होता. तिसऱ्या कन्व्हेन्शनचं कलम १३ सांगतं की युद्धकैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या बघ्यागिरीपासून वाचवायचं. युद्ध जाहीर झालेलं नव्हतं तरी कन्व्हेन्शन लागू होतं, कलम २ तसंच आहे. आणि कलम १७ प्रमाणे कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि नंबर एवढंच सांगायचं असतं, अभिनंदन उत्तरं कशी देत होते आठवून बघ.

मग मी वर्गात लगेच १९७१ काढतो. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, सुमारे ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले, त्यात सैनिकांबरोबर नागरिकही होते. कलम ११८ म्हणतं की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडून परत पाठवायचं. शेवटचे कैदी परत गेले एप्रिल १९७४ मधे, म्हणजे सव्वादोन वर्षांहून जास्त काळाने. आपलं म्हणणं होतं की शरणागती भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त कमांडपुढे झाली, त्यामुळे बांगलादेशची संमती लागते, आणि बांगलादेशला त्यातल्या १९५ जणांवर खटले चालवायचे होते. पाकिस्तान मे १९७३ मधे आयसीजेत गेला, मधे कैदी परत पाठवण्याचा दिल्ली करार झाला, आणि डिसेंबरमधे त्यांनी केस मागे घेतली. आपल्या युक्तिवादात दम नव्हता असं नाही, होता. पण कलम ११८ मधे "संयुक्त कमांड असेल तर थांबा" असं काही नाही, आणि हे वाक्य वर्गात उच्चारलं की मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतंच, सर तुम्ही पाकिस्तानच्या बाजूचे का. मी त्या लेकराला शांतपणे सांगतो की अभिनंदनसाठी आपण ज्या पुस्तकाचा आधार घेतला तेच पुस्तक आहे हे, पानं निवडून वाचता येत नाहीत. आपल्या वैमानिकाला जे कलम वाचवतं ते मजबूत राहायला हवं असेल तर आपल्याला अडचणीचं कलमही मोठ्याने वाचावं लागतं.

आणि मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याने तर आपल्या अंगणातलं सोडून लांब जाऊच नये असं माझं ठाम मत आहे. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो, मुक्तिसंग्राम दिन, पण त्या चार-पाच दिवसांत इंटरनॅशनल लॉचे किती प्रश्न दडलेत हे कुणी शिकवत नाही. हैदराबाद हा "देश" होता का? निजामाच्या सरकारने ऑगस्ट १९४८ मधे थेट सुरक्षा परिषदेत तक्रार केली, १६ सप्टेंबरला पॅरिसमधे परिषदेची बैठक झाली, इकडे भारताच्या फौजा हैदराबादच्या वाटेवर, दुसऱ्या दिवशी शरणागती, आणि आठवड्याभरात निजामाने तक्रार मागे घेतल्याची तार केली. सदस्य नसलेल्या संस्थानाला तक्रार करता येते का यावर तेव्हा जगभर वाद झाला, १९५० मधे अमेरिकन जर्नल ऑफ इंटरनॅशनल लॉमधे क्लाईड ईगलटन यांचा लेख आलाय, मिळवून वाच, त्याची बाजू आपल्या विरोधात आहे म्हणूनच वाच. आणि पॅरिसला गेलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख मोईन नवाज जंग, त्यांनीच त्या सप्टेंबरात लंडनच्या बँकेतले दहा लाखांवर पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनर रहिमतुल्लांच्या नावावर केले होते. ती केस १९५७ मधे हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन परदेशी सरकारच्या इम्युनिटीवर, म्हणजे दुसऱ्या देशाच्या सरकारवर आपल्या कोर्टात खटला चालत नाही या मुद्द्यावर अडकली, आणि शेवटी २ ऑक्टोबर २०१९ ला लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला, रक्कम तोवर साडेतीन कोटी पौंड झालेली, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. सत्तर वर्षं चाललेली केस, आणि तिची सुरुवात आपल्या आजोबांच्या डोळ्यांदेखतची.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. रझाकार हे कायद्याच्या भाषेत कोण होते? गणवेश, कमांड, शस्त्रं उघड बाळगणं, १९०७ च्या हेग नियमांत लढवय्या ठरवायच्या कसोट्या आहेत, त्या लावून बघ. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरला वकिली करायचा, कायदा माहीत नसलेला माणूस नव्हता. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, हे आपल्याकडे घराघरात सांगतात आणि ते खरंच आहे. पण पोलीस अॅक्शननंतर, म्हणजे भारताने हैदराबादेत फौजा घातल्यावर, मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते घराघरात सांगत नाहीत. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली, तिच्या अहवालात सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही आपली दोन नावं आहेत, आणि मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार दिलाय. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. मी हे लिहितोय तेव्हा मला माहीत आहे की काही लोकांना राग येईल. माझ्या ओळखीच्या घरांतही दोन्ही बाजूंची दुःखं आहेत आणि मला दोन्ही तेवढीच खरी वाटतात. चार जिनिव्हा कन्व्हेन्शन्सवर सह्या झाल्या १२ ऑगस्ट १९४९ ला, म्हणजे पोलीस अॅक्शननंतर अकरा महिन्यांनी. त्यामुळे चारही कन्व्हेन्शन्समधे सारखंच असलेलं समान कलम ३, जे आज देशांतर्गत संघर्षातही कैद्यांची, शरण आलेल्यांची हत्या मनाई करतं, ते तेव्हा नव्हतं. मग काय लागू होतं, नुसता भारताचा फौजदारी कायदा, निजामाचा कायदा, की युद्धाचे रूढ नियम? यावर मराठवाड्यातून कुणीतरी नीट, दोन्हीकडचे कागद वाचून लिहायला हवंय. तुला पीएचडीचा विषय हवा असेल तर हा घे. उर्दू वाचता येणारा कुणी मित्र सोबत असला तर फारच बरं.

अजून एक केस सांगतो जी आपल्या कोर्टांत कुणी वाचत नाही. मोन्तेरो विरुद्ध गोवा राज्य, सुप्रीम कोर्ट, १९६९. गोव्यातले पाद्री, पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलेलं, परवान्याशिवाय राहिले म्हणून खटला. ते म्हणाले गोवा हा ताब्यात घेतलेला प्रदेश आहे, मी चौथ्या कन्व्हेन्शनचा संरक्षित माणूस आहे. कोर्टाने म्हटलं ताबा संपला, प्रदेश सामील झाला, आता कन्व्हेन्शनचं ते संरक्षण नाही, आणि १९६० चा आपला जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अॅक्ट नागरिकाला थेट कोर्टात मागता येईल असा हक्क देत नाही. आता हा निकाल एका हातात आणि मेरॉनचा मेमो दुसऱ्या हातात घे आणि बघ, ताबा आणि सामीलीकरण यातली रेघ कुठे आहे. यावर पंधराशे शब्द नीट लिहिता आले तर तू या विषयात शिरलीस असं समज.

आता पोटापाण्याचं. सैन्यातली जॅग, म्हणजे कायद्याची शाखा हा सर्वात ठोस रस्ता, मुलींनाही खुला, एलएलबीला ५५ टक्के, एलएलएम प्रवेशाच्या सीएलएटी पीजी परीक्षेचा स्कोअर, एसएसबी म्हणजे सैन्याची निवड मुलाखत, मग चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत ट्रेनिंग, वयाची मर्यादा २७ असल्याने उशीर करून चालत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या लीगल अँड ट्रीटीज डिव्हिजनमधे यूपीएससीमार्फत जागा निघतात, फार थोड्या, पण निघतात, आणि करार लिहिण्याचं खरं काम तिथे शिकायला मिळतं. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती म्हणजे आयसीआरसी, दिल्लीत त्यांचं कार्यालय आहे, तिथल्या कामांना अनुभव लागतो आणि परदेशातल्या पोस्टिंगला बऱ्याचदा फ्रेंच लागतं, म्हणून फ्रेंच आत्तापासून सुरू कर, ऑनलाइन का होईना. आयसीसीत नोकरीला सदस्य देशांच्या लोकांना प्राधान्य असतं, आपण सदस्य नाही, त्यामुळे नुसत्या त्या आशेवर आखणी करू नको. शिकवण्याचं म्हणशील तर एलएलएम, नेट किंवा सेट, पीएचडी, आणि मधली काही वर्षं सीएचबीवर, तासिका तत्त्वावर काढावी लागतात, त्यात मिळणारे पैसे थोडे आणि वेळेवर नाहीत, हे घरी आधीच स्पष्ट सांगून ठेव. मी बघितलेली हुशार पोरं याच टप्प्यावर गळतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

परदेशी एलएलएमसाठी जिनिव्हा अॅकॅडमी याच विषयाची आहे, लायडन, एसेक्स चांगले. खर्च आपल्या घरांना झेपणारा नाही, पण अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथी संस्थेची आहे, ब्रिटनसाठी चेव्हनिंग आहे, त्याला कामाचा अनुभव लागतो. अटी दरवर्षी बदलतात, जाहिरात स्वतः वाच, एजंटच्या नादी लागू नको. पैसे नसतील तर दिल्लीत इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ (आयएसआयएल) आहे, १९५९ ची संस्था, तिथले डिप्लोमे स्वस्त आहेत आणि लायब्ररी सोन्यासारखी. साऊथ एशियन युनिव्हर्सिटी आणि जेएनयू हेही बघ.

वडिलांचं म्हणणं उडवून लावू नको हेही सांगतो. सेशन्स कोर्टात वर्ष-दोन वर्षं काढणं या करिअरला आडवं येत नाही, उलट मदत करतं. हेगच्या खटल्यांत शेवटी काय असतं, साक्षीदार, नकाशे, फोटो, जप्तीचा कागद कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेला त्याची साखळी. आपल्याकडचा पंचनामा वाचून त्यातली खोट काढता येणाऱ्या वकिलाला क्निनमधल्या गोळ्यांच्या खड्ड्यांचा रिपोर्ट वाचायला जड जात नाही. पंच एकाच गावचे कसे, वेळ खोडून परत लिहिली का, घटनास्थळाचा नकाशा कुणी काढला आणि अंतर पावलांनी मोजलं की टेपने, हे प्रश्न विचारायची सवय तालुका कोर्टात लागते. चार ऑनलाइन सर्टिफिकेटांपेक्षा मला हा अनुभव जास्त मोलाचा वाटतो. तेव्हा घरी असं सांग की मी कोर्टात जाणारच आहे, सोबत हेही करणार आहे.

या वर्षात करायचं ते एवढंच. कॉलेजातून तिघांची टीम कर आणि हेन्री ड्युनांट मूटला नाव नोंदव, युद्धाच्या कायद्यावरचीच अभिरूप खटल्याची स्पर्धा आहे, आयसीआरसी आणि आयएसआयएलची. कॉलेज प्रवासखर्च देत नसेल तर प्राचार्यांना लेखी अर्ज दे, तोंडी विचारू नको. इंग्रजीची भीती असेल तर निकालपत्राची रोज दोन पानं मोठ्याने वाच आणि त्याच संध्याकाळी त्याचा सार आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिही, मराठी मिडियमच्या माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना यानेच जमलं. आयसीआरसीच्या वेबसाईटवर रूढ कायद्याचे १६१ नियम आहेत, नियम १ पासून सुरू कर, सैनिक आणि नागरिक यांच्यात फरक करायचा हा तो नियम, प्रत्येक नियमाखाली देशोदेशीचे दाखले आहेत, त्यात भारताचे कुठे सापडतात ते शोधून वहीत उतरव. मोन्तेरोचा निकाल आधी वाच आणि त्यावर लिहिलेलं पाठव, लाल पेनाने वाचून परत करीन.